धवलेरी

रानशेतच्या वारली पाड्यावर बुधीच्या गाण्याशिवाय लग्न लागत नसे. ती धवलेरी होती. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहून झाला की त्याच्यासमोर बसून तीच गाण्यातून देवांना बोलवायची. ती ख्रिस्ती झाली तेव्हा पास्टर म्हणाले, "बुधीबाय, ही गाणी सैतानाची. तोंडातून गेली तरी मनात राहतात. विसरू दे म्हणून प्रभूजवळ मागा. तो ऐकतो."

देवमाणसाचा शब्द, म्हणून तिने गाणं सोडलं आणि रोज पहाटे गुडघे टेकून मागितलं. पाड्याने तिला बोलावणं सोडलं. सख्ख्या नातीच्या लग्नातसुद्धा ती ओठ मिटून बसली, तेव्हापासून सून तिच्याशी बोलत नाही.

२०१८च्या मे महिन्यात पास्टरांच्या मुलीचं लग्न बोर्डीला, चिकूच्या वाडीत झालं. पाहुणे मुंबईचे. स्टेजमागे गेरूच्या रंगाचा पडदा आणि त्यावर अगदी पाड्यावरच्यासारखाच चौक. पास्टरांनी स्वतः हात धरून बुधीला त्याच्यासमोर बसवलं.

"तुमचं जुनं गाणं म्हणा दोन ओळी. पाहुण्यांना आपली संस्कृती दिसू दे."

"ते सैतानाचं ना?"

"अहो बाय, नुसतं व्हिडिओपुरतं."

कॅमेरा जवळ आला. बुधीने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पहिला शब्दच सापडेना.

"नाय येत, पास्टर," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही बोललात तसंच झालं. त्यानं ऐकलं."