पुन्हासर

दुसऱ्या शिफारसपत्रासाठी कोणाला विचारायचं, इथे मायलेकींचं घोडं अडलं होतं. पहिलं पत्र रसायनाच्या बाई देणार होत्या. कॉलेजच्या अर्जाला दोन हवी होती आणि मुदत शुक्रवारपर्यंत होती.

“भाषेच्या सरांना विचार,” शिवणयंत्रावरून मान वर न करता आई म्हणाली. “किती कौतुक करतात तुझं.”

“ते फळ्याचंही करतात, आई.”

“मग काय त्या पुन्हासरांकडे जाणार? विकतचं दुखणं.”

गणिताच्या सरांना अख्खी शाळा याच नावाने ओळखायची. वहीच्या डोक्यावर लाल शाईत ते एकच शब्द लिहायचे : पुन्हा. उत्तर बरोबर असलं तरीही. त्यांच्या पेनातून ‘छान’ उतरलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

तिने जुन्या वह्या काढल्या. बाबा गेल्यानंतरच्या महिन्यातली पानं लगेच ओळखू आली. अक्षर वाकडंतिकडं, उत्तरं अर्धवट. बाकी सगळ्या शिक्षकांनी त्यावर ‘छान’ लिहिलं होतं. एकीने तर जवळजवळ कोऱ्या पानावर. गणिताच्या वहीत मात्र पुन्हा, पुन्हा, पुन्हा. तेव्हा तिला त्यांचा संताप आला होता. पण त्या महिन्यात ती रोज संध्याकाळी तीच गणितं घेऊन बसायची. घरात तेवढी एकच गोष्ट पुरी होत होती.

“पुन्हासर,” ती म्हणाली.

आईने यंत्र थांबवलं. “बघ बाई. मग रडत येऊ नकोस.”

सोमवारी सरांनी अर्ज ठेवून घेतला आणि “बघू” एवढंच म्हणाले. शुक्रवारी दुपारी ती शिक्षकखोलीत गेली, तेव्हा ते टेबलावर वाकून लिहीत होते.

“झालं नाही अजून,” ते चष्म्यावरून बघत म्हणाले.

“चारला कचेरी बंद होते, सर.”

“ठाऊक आहे. बस.”

ती बसली. टेबलाच्या कडेला चार कागद सारून ठेवले होते. सगळे सरांच्याच अक्षरातले. चारही कागदांच्या पहिल्या ओळीत तिचं नाव. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर, त्याच लाल शाईत : पुन्हा.