सरकती भूक

दुपारी पानं वाढत असतानाच मृदुला स्वयंपाकघरात आली. "केतकी, मलाही वाढ. भूक लागलीय."

केतकीने, तिच्या नणंदेने, लगबगीने ताट घेतलं.

मृदुलाचा नवरा श्रीरंग मंगळावरच्या तळावर कामाला गेला, तेव्हा दोघांनी मेंदूतलं घड्याळ तिथल्या दिवसाला लावून घेतलं होतं. तिथला दिवस चाळीस मिनिटांनी मोठा. त्यामुळे तिची झोप आणि भूक रोज तेवढी उशिरा सरकायची. पण तो तिकडे जेवायला बसला की इकडे तिलाही भूक लागायची. दोन महिन्यांपूर्वी श्रीरंग तिथेच वारला.

"वहिनी, घड्याळ परत इथल्या दिवसाला लावून आलात ना? बरं केलंत," केतकी म्हणाली. "दादालाही हेच वाटलं असतं."

मृदुला भात कालवत राहिली. घड्याळ तसंच होतं. सरकत सरकत महिना-सव्वा महिन्यातून एकदा ते घरच्या जेवणाशी जुळायचं, तसं आज जुळलं होतं.

"उद्या तुमच्या आवडीची डाळिंब्यांची उसळ करते. बाराला सगळे एकत्र बसू."

मृदुलाने मान हलवली. तिच्या घड्याळाप्रमाणे उद्या बाराला श्रीरंग अजून कामावरून यायचा असेल.