दारातल्या चपला

जिल्ह्यात घरफोड्या वाढल्या होत्या, आणि फुटायची ती बाहेरून कुलूप लावलेलीच घरं. बेंगळुरूला लेकाकडं आलेल्या तानूबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. गावातल्या शेजारच्या परसूला त्या दिवसातून चारदा फोन लावायच्या.

"अक्का, स्वल्प दमानं घ्या की," आज परसू म्हणाला. "तुमच्या पुढच्या दाराचं कुलूप काढून आतनं कडी घातलीय, कुलूप मागच्या दाराला लावलंय. दारात तुमच्या जुन्या चपला, दोरीवर लुगडं. चोराला वाटतंय, माणूस घरात हाय. गल्लीत सगळ्यांच्या दारात असंच केलंय मी."

तानूबाईंना हायसं वाटलं. तेवढ्यात फोनमधून कंडक्टरची हाक ऐकू आली, "बेंगळुरू, मेजेस्टिक! मेजेस्टिक!"

"परसू, तू कुठं हाईस रे?"



"माझ्याबी चपला दारात ठेवूनच आलोय, अक्का."