कुमुदचा गोळा

चंद्रावरच्या घुमटाखालच्या वस्तीत नदी नव्हती, म्हणून तिथे माणसाची राख हवेत तरंगत ठेवत. पातळ पत्र्याच्या गोळ्यात ती भरायची आणि गोळ्याला व अंगणातल्या तबकडीला एकाच जातीचा विद्युतभार द्यायचा, की तबकडी गोळ्याला अधांतरी ढकलून धरी. भार हळूहळू झिरपून जाई, गोळा खाली येई आणि तो टेकला की घरचं सुतक फिटे. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही.

शेजाऱ्यांचे गोळे केव्हाच टेकले होते. श्रीपादरावांची बायको कुमुद मात्र अजून अंगणात तरंगत होती, कारण गोळा खांद्याशी आला की ते गुपचूप भार भरत. त्यापायी लेकीचं, रेवतीचं, लग्न खोळंबलं होतं.

आज गोळा पुन्हा खांद्याशी आला.

"बाबा, भाराची कांडी आणू?" रेवतीने विचारलं.

ते दचकले. "तुला ठाऊक होतं?"

"तुम्ही आईला वर चढवता तेव्हा घरातले दिवे मंद होतात हो."

श्रीपादरावांनी गोळ्याकडे पाहिलं. मग कांडी न मागता त्यांनी दोन्ही हात पुढे केले. हातांवरची लव उभी राहिली, एक निळी ठिणगी चटकन चावली आणि गोळा अलगद त्यांच्या ओंजळीत उतरला.

"एवढं वजन होतं होय गं तुझं," ते पुटपुटले. मग लेकीकडे वळून म्हणाले, "ये, तूही धर."