एक पूर्ण, एक अर्धं

"हे आलेत का आज?" मोहिनीनं नवऱ्याचा फोटो असलेला मोबाइल तिकीटखिडकीतून आत धरला.

खिडकीतल्या नवसाबाईंनी आधी फोटो पाहिला, मग मोहिनीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तलावावरच्या या पक्षी अभयारण्यात गावची समिती तिकिटं फाडायची आणि रविवारी खिडकीत नवसाबाई बसायच्या. कुणाची ना कुणाची चौकशी करत आलेल्या बायका त्यांना नवीन नव्हत्या.

"तुमी कोन त्यांच्या?"

"बायको."

नवसाबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. मोहिनीला ती कीव वाटली.

"दोघंबी मनोऱ्यावर हायेत," नवसाबाई म्हणाल्या. "संगं कोन हाय ते मला इचारू नका. आपल्या डोळ्यांनी बघा. अन् तिकीट काढून जा. चाळीस रुपये."

म्हणजे या बाईलाही सगळं माहीत होतं. मोहिनीनं पैसे दिले, तिकीट मुठीत चुरगाळलं आणि ती आत शिरली.

ललित ओझरच्या कारखान्यात कामाला होता. गेले दोन महिने दर रविवारी त्याची जादा पाळी निघत होती. मोहिनीनं ते खरंही मानलं असतं. पण परवा त्याच्या मोबाइलवरून गॅसचे पैसे भरताना तिला मागचे व्यवहार दिसले. दर रविवारी या अभयारण्याला साठ रुपये. तिनं लगेच इथलं शुल्क शोधलं. मोठ्यांना चाळीस, बारा वर्षांखालच्या मुलांना वीस. एवढं वाचलं आणि मोबाइल उपडा ठेवून दिला. एक पूर्ण, एक अर्धं. नवरा आणि एक मूल.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. दवाखान्यांचे उंबरे झिजवूनही तिची कूस उजवली नव्हती. त्याचं मात्र मूल होतं. मग त्या मुलाच्या आईचं तिकीट कुठं होतं? त्याचं उत्तर आत्ता फाटकाशीच मिळालं. पाटीवर लिहिलं होतं, गावकऱ्यांना प्रवेश मोफत. म्हणजे बाई याच गावातली. संशय आला की माणूस भलताच हुशार होतो. बाभळींमधल्या पायवाटेनं चालता चालता तिला डब्याचं कोडंही सुटलं. रविवारच्या डब्यात ललित दोन थालीपिठं जास्त मागायचा. वर सांगायचा, तिखट बेतानं घाल, मऊ राहू दे. कारखान्यातल्या कुठल्या फिटरला मऊ आणि बिनतिखट लागतं? दोन महिने आपण स्वतःच्या हातानं सवतीच्या पोराला भरवत होतो, या विचारानं तिच्या अंगाची लाही झाली.

त्या रागाखाली भीतीही होती. ललित गेला तर तिला जायला घरच नव्हतं. जातीबाहेर लग्न केलं म्हणून आप्पांनी, तिच्या वडिलांनी, लग्नाच्या दिवशीच तिला तोडून टाकलं होतं. तुझ्या दारात मी पाय ठेवणार नाही, माझ्या दारात तू ठेवू नकोस, असं चारचौघांत बोलले आणि दिंडोरीकडच्या आपल्या द्राक्षबागेत निघून गेले. आई तर आधीच गेली होती. सहा वर्षांत एक फोन नाही.

मनोऱ्याखाली ती क्षणभर थांबली. वरून ललितचं हसू ऐकू आलं. घरी तो इतक्यात असा हसला नव्हता. पाठोपाठ डब्याचं झाकण वाजलं. ते झाकण तिनंच सकाळी लावलं होतं. नाशिकपासून मनात घोळवत आणलेल्या शिव्या ओठांवर घेऊन ती लोखंडी जिना चढली.

बाकावर दोघं तिच्याकडे पाठ करून बसले होते. ललितच्या शेजारी मूल नव्हतं. एक पांढरी टोपी होती, मळकट धोतर होतं आणि मांडीवर तिचा डबा होता.

"भाजणीत धने अंमळ जास्त पडल्यात," टोपीवाला माणूस चावता चावता म्हणाला. "तिच्या आईचा हातबी असाच सैल व्हता."

हा आवाज मोहिनीनं सहा वर्षांत ऐकला नव्हता. ज्येष्ठ नागरिकांनाही अर्धंच तिकीट असतं, हे त्या शुल्काच्या पानावर पुढच्याच ओळीत होतं. तिथवर ती वाचत गेलीच नव्हती.

"आप्पा," ती म्हणाली.

ललित धडपडत उठला. "मीच गेलो होतो बागेवर, त्यांना भेटायला. तुला सांगितलं तर यायचं बंद करीन, अशी शपथ घातली त्यांनी मला."

आप्पांनी वळून पाहिलं नाही. ते तलावाकडे बघत राहिले. तोंडातला घास तोंडातच होता.

"एवढ्या लांब येता," मोहिनीला रडू आवरेना, "मग घरी का नाही आलात?"

"बोललो ते बोललो. तुझ्या दारात मी पाय ठेवायचा नाय, माझ्या दारात तू." आप्पांनी घास कसाबसा गिळला. "म्हनून जावयाला म्हनलं, ना तुझं ना माझं आसं ठिकान बघ. हितं कुनाचं दार हाय? पैसं भरलं की कुनीबी आत येतं."

आप्पा बाकावर जरा सरकले. त्यांच्या आणि ललितच्या मधे एका माणसापुरती जागा झाली. तेव्हा कुठे त्यांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं.

"तिकीट काढलंय ना तू?"