बावीस नंबरचं टपाल

आजोबा पुन्हा थांबले आणि मागून येणारे पांढरे टी-शर्ट एकमेकांवर धडाधड आदळले. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरच्यांसाठी निघालेली मदतफेरी ती. तिला घाई नव्हती. घाई होती भिंगरीला.

"अकरा नंबर," आजोबांनी एका फाटकाकडे बोट केलं. "शिंपीणबाई. मुलगा बोटीवर. पत्र आलं की आधी त्याचा वास घ्यायच्या."

चौतीस वर्षं याच गल्लीत त्यांनी टपाल वाटलं होतं. गच्चीवरून शिंपीणबाईंनी हात हलवला, आजोबांनी ऐटीत सलाम ठोकला. भिंगरीच्या पोटात दुखलं. सकाळी त्यांची दाढी तिनं केली, बुटांच्या नाड्या तिनं बांधल्या, वर ऐकायला काय मिळालं? "ताई, तुम्ही कुठल्या?"

"चौदा नंबर. इथला काळू दोनदा चावला मला."

"घ्या! कुत्रासुद्धा लक्षात आहे," भिंगरी आईच्या कानाशी फणफणली. "मीपण चावायला हवं होतं."

"हळू गं," आई म्हणाली. पण हसू तिलाही आवरलं नाही.

बावीस नंबरशी भिंगरी मुद्दाम रेंगाळली. हे त्यांचंच घर.

"इथे कोण राहतं हो?"

"नको गं विचारू," आईनं तिचा दंड दाबला.

आजोबा फाटकाकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "भिंगरी! एवढीशी आहे. पत्र कोण पाठवणार तिला? पण रोज फाटकाला लोंबकळून विचारणार, माझं आलं का?"

छातीवर टाचलेला फेरीचा नंबर त्यांनी काढला, नीट चार घड्या घातल्या आणि तिच्यापुढे धरला.

"ताई, एवढं तिला द्या. तिच्याच हातात हं. तुम्ही ठेवून घेऊ नका."

भिंगरीनं कागद मुठीत आवळला. त्या एवढ्याशा भिंगरीचा तिला जेवढा राग आला, तेवढा काळूचाही आला नव्हता.

"ती घरात नाहीये," ती तुटकपणे म्हणाली.

"मग थांबतो."

फेरी पुढे निघून गेली. आजोबा फाटकाला टेकून रस्त्याकडे डोळे लावून उभे राहिले. शेजारी भिंगरी.

"येईल हो," तेच तिला समजावत म्हणाले. "रोज येते."