क्लचप्लेटा

नळदुर्गच्या स्टँडवर फोन आला तेव्हा महारुद्रच्या हातात क्लचप्लेटांची पिशवी होती. पलीकडून शेजारचा हणमंतप्पा बोलत होता.

"वहिनींच्या छातीत दुखायलंय. दवाखान्यात आणलंय. असशील तसा ये."

लोहाऱ्याच्या एसटीला वेळ होता. चहाच्या टपरीवाल्यानं महारुद्रचा चेहरा बघितला, काय झालं ते विचारलं आणि आपल्या मोटारसायकलची किल्ली पुढं केली.

"मी सोडलं असतं, पण टपरीवर दुसरं कुणी न्हाय. घेऊन जावा. उद्या आणून द्या."

महारुद्रनं किल्लीकडं बघितलं. "नको. एसटी येईल."

एसटी आली, पण उशिरा. लोहारा यायच्या आधीच हणमंतप्पाचा दुसरा फोन आला. या खेपेला त्याला नीट बोलताही आलं नाही. महारुद्रनं पिशवी मांडीवर घेतली आणि आपल्या गावी, सास्तूरला पोचेपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली.

बायकोचा, दैवशालाचा तेरावा झाला. मुलगी अर्पिता पुण्याला परत गेली. पिशवी गिरणीत खिळ्याला तशीच लटकत राहिली.

दैवशाला सरकारी नर्स होती. भूकंपानंतर गाव नवं वसलं, त्याच सुमारास घरात राजदूत मोटारसायकल आली. वाडी-वस्तीवरून बाळंतपणाचं बोलावणं आलं की महारुद्र पिठाची गिरणी बंद करायचा आणि दोघं निघायची. औषधांची पेटी मागं बसणाऱ्याच्या मांडीवर. खड्ड्यात पेटी वाजली की गाडी हळू व्हायची. दैवशाला आत गेली की महारुद्र अंगणात राजदूतला टेकून बसायचा. मूल रडल्याचं ऐकू आलं की मगच बिडी पेटवायचा.

ती रिटायर झाली आणि गाडी गिरणीमागं ताडपत्रीखाली गेली. शेवटच्या वर्षी मात्र तिनं धोशा लावला होता.

"एकदा चालू करा तिला. येडशीला रामलिंगाचं दर्शन घेऊन येऊ. गिरणीचं इंजिन उघडता, मग हिलाच काय धाड भरलीय?"

आज करू, उद्या करू, असं करत तो एकदाचा नळदुर्गला प्लेटा आणायला गेला होता.

आता ताडपत्री काढायचीही त्याला इच्छा नव्हती. काढून करायचं काय? असे बरेच महिने गेले. मग अर्पिताचा फोन आला.

"आप्पा, इथं एका हॉटेलवाल्याला जुनी गाडी पाहिजे. दारात उभी करायला. चालू नसली तरी चालतंय."

"नुसती उभी करून काय करायचं?"

"लोक वर बसून फोटो काढतात."

महारुद्रनं गिरणीमागच्या ताडपत्रीकडं बघितलं.

"आप्पा, आता कोण चालवणारंय ती? गंजून जाईल. वर्षश्राद्धाला मी येतेय, तेव्हाच टेम्पो पाठवा म्हणून सांगते."

"अन् तोवर चालू झाली तर?"

"मग राहू द्या तुमच्यापाशी. मी परत विषय काढणार नाही."

कुणीतरी अनोळखी माणूस त्या सीटवर बसून फोटो काढतोय, हे महारुद्रच्या डोळ्यांपुढून हलेना. सकाळी उठून त्यानं ताडपत्री ओढून काढली.

सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं. टाकी आतून गंजली होती. तिच्यात रॉकेल आणि मूठभर नट टाकून तो हलवत बसायचा. पिस्टन अडकला होता, त्यावर ऑइल सोडून वाट बघायचा. काही दिवस हात चालायचे, काही दिवस तो नुसता गाडीसमोर पोत्यावर बसून राहायचा.

"बायको गेल्यावर माणूस देवाला लागतो," हणमंतप्पा म्हणाला. "तू राजदूतला लागलास."

"पाना दे इकडं."

खिळ्यावरची पिशवी त्यानं सगळ्यात शेवटी काढली. प्लेटा नीट बसल्या.

वायरिंगला उमरग्याहून बब्रुवान मिस्त्री आला. तो या गावात पहिल्यांदाच येत होता. जाताना त्यानं हँडल धरून बघितलं.

"मामा, हँडल लई खाली घेतलंय. क्लचबी जवळ आवळलाय. तुमच्यासारख्या उंच माणसाला अवघड जाईल."

"आधी होतं तसंच ठेव."

"अन् मागचे दोन्ही फुटरेस्ट घासलेत की! मामी एका अंगाला बसत नव्हत्या व्हय?"

"न्हाय," महारुद्र म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याला जरा हसू आलं. "एका अंगाला कधीच बसली न्हाय."

वर्षश्राद्धाच्या दिवशी टेम्पो सकाळीच दारात येऊन उभा राहिला. पिंड ठेवून झाले, कावळा शिवला, पानं वाढायची तयारी सुरू झाली. गिरणीमागं बब्रुवान किक मारत होता. इंजिन धरायचं आणि सोडायचं. टेम्पोवाला दोर घेऊन येऊन बघत उभा राहिला.

मग एका किकला राजदूत फटफटली आणि बंद पडली नाही. निळा धूर गिरणीच्या पत्र्यापर्यंत गेला.

अर्पिता पिठाच्या हातानं धावत बाहेर आली. गाडीकडं बघत दारातच थांबली. पदरानं डोळे पुसून तिनं टेम्पोवाल्याला सांगितलं, "तुम्ही जेवून जा, भाऊ. गाडी न्यायची नाही."

बब्रुवाननं हँडल धरून ठेवलं. "बसा मामा. गावातनं एक चक्कर मारून या."

महारुद्रनं उपरण्यानं सीट पुसली, पुढची आणि मागचीही. मग टांग टाकून तो मागं बसला. पाय आपोआप घासलेल्या फुटरेस्टवर गेले. हात मांडीवर पेटी धरल्यासारखे राहिले.

"मामा, पुढं बसा की," बब्रुवान म्हणाला.

पुढची जागा दैवशालाची होती. रामलिंगाला जायचं राहिलं होतं, आणि महारुद्रला अजून गाडी चालवायला शिकायचं होतं.